पॉवर बटण दाबलं तरी बोर्ड ढिम्म: कर्नलला बटण सांगायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. उदगीरकडच्या दूध संकलन केंद्रांसाठी एक डबा बनवलाय, आत एएम३३५एक्स प्रोसेसरचा बोर्ड, वर लिनक्स, समोरच्या पॅनलवर एक पॉवर बटण, त्याची वायर जीपीआयओ (साध्या इनपुट-आउटपुटच्या पिना) बँक १ च्या १७ नंबर पिनवर आलीय आणि दुसरं टोक ग्राउंडला. बटण दाबलं की काहीच होत नाही. संध्याकाळी केंद्रावरचा माणूस फॅट-एसएनएफच्या नोंदी संपल्या की सरळ प्लग ओढतो, त्यात दोन एसडी कार्डं खराब झाली. डिव्हाइस ट्रीत (बोर्डवर काय कुठे जोडलंय ते कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगणारी फाईल) नोड टाकून बघितला, पिन नंबर ४९ लिहिला, चालला नाही. मग आता एक छोटा सी प्रोग्राम लिहून ती पिन सारखी वाचत बसावी आणि शून्य दिसलं की पॉवरऑफ मारावं का, असं विचारलंय.

नका करू भाऊ. मी वाळूज एमआयडीसीत १६ वर्षं हेच काम करतोय आणि असे पिन वाचत बसणारे प्रोग्राम शेतात, कारखान्यात, केंद्रावर कसे मरतात ते बघितलंय. प्रोग्राम अडकला की बटण गेलं, सेकंदाला दहा वेळा पिन वाचायची म्हणजे प्रोसेसरला झोप नाही, माणसाने पटकन दाबून सोडलं तर दोन वाचनांच्या मधे ते निसटतं, आणि उद्या बोर्डची पुढची आवृत्ती आली, पिन बदलली, तर तो नंबर कुठल्या फाईलमधे लपलाय हे शोधत कुणीतरी रात्र काढणार. कर्नलमधे ह्या कामासाठी ड्रायव्हर आधीपासून आहे, त्याला फक्त खरं काय ते सांगायचंय.

खरं काय ते सांगायचंय हा शब्द मी मुद्दाम वापरला. डिव्हाइस ट्री म्हणजे वायरिंगचा कागद आहे, प्रोग्राम नाही. नवीन घरात फिटिंग करणारा माणूस जसं लिहून ठेवतो की ही वायर ह्या बोर्डवरून ह्या खोलीत गेलीय, तसं. पंखा कधी लावायचा हे तो लिहीत नाही. बटण दाबल्यावर बंद व्हायचं, झोपायचं की स्क्रीनवर विचारायचं हे डिव्हाइस ट्रीत लिहायचंच नसतं, तिथे एवढंच लिहायचं की बटण कुठल्या पिनवर आहे, दाबल्यावर पिन वर जाते का खाली, आणि ह्या बटणाचा अर्थ काय. माझ्याकडे आलेल्या बहुतेक केसेसमधे ड्रायव्हर ठीकच होता, ह्या तीनपैकी एक गोष्ट कागदावर एक आणि तांब्यावर वेगळी होती.

पूर्वी हे सगळं सी मधे बोर्ड फाईलमधे लिहायचे, प्रत्येक बोर्डची वेगळी फाईल, कर्नलच्या आतच. एआरएमचा तो पसारा एवढा वाढला की २०११ मधे लिनस टोरवाल्ड्सने जाहीरपणे संताप व्यक्त केला आणि मग एआरएमवाले डिव्हाइस ट्रीकडे वळले. त्याचं मूळ त्याच्याही खूप आधीचं, ओपन फर्मवेअरचं, त्याचं आयईईई १२७५ हे स्टँडर्ड १९९४ चं. हे एवढ्यासाठी सांगतोय की नेटवर अजूनही बोर्ड फाईलचे जुने तुकडे सापडतात, ते कॉपी करत बसू नका.

आता तुमच्या ४९ कडे येऊ. ४९ कुठून आला ते मला कळलं, जुन्या सिसएफएसच्या पद्धतीत (फाईलींतून पिना हाताळायची सोय) एक्स्पोर्ट करायला, म्हणजे पिन वापरायला मागून घ्यायला, सगळ्या बँका एका रांगेत मोजायच्या, प्रत्येक बँकेत ३२ पिना, म्हणून १ गुणिले ३२ अधिक १७ बरोबर ४९. ते तिथे बरोबर होतं. पण डिव्हाइस ट्रीत आधी बँकेचं नाव येतं, अँपरसँड लावून जीपीआयओ१, आणि मग त्या बँकेतला नंबर, म्हणजे १७. तुम्ही जीपीआयओ१ लिहून पुढे ४९ लिहिलं तर कर्नल म्हणणार ह्या चिपमधे ० ते ३१ एवढ्याच पिना आहेत, ४९ कुठून आणू. डीमेसेजमधे, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, बघा, जीपीआयओ मिळाला नाही अशी ओळ आणि तिच्यात उणे २२, म्हणजे चुकीची किंमत, असं येत असेल. अजून एक सांगून ठेवतो, एएम३३५एक्समधे पहिली बँक ० आहे, पण आयमॅक्स ह्या दुसऱ्या प्रोसेसरच्या चिपांत पहिली बँक १ पासून सुरू होते, त्यामुळे एका बोर्डचा हिशोब दुसऱ्यावर लावला की बरोबर ३२ ने घोळ होतो.

नोड मी फोनवर वाचून दाखवला असता तसा सांगतो. रूटच्या खाली एक नोड, त्याचं कम्पॅटिबल ‘जीपीआयओ-कीज’. त्यात पिनकंट्रोल-नेम्स ‘डीफॉल्ट’ आणि पिनकंट्रोल-० मधे तुमच्या पिनच्या सेटिंगचा नोड. त्याच्या आत एक पोरगा नोड, म्हणजे चाइल्ड, एका बटणाला एक. त्यात लेबल, काहीही समजेल असं, ‘पॉवर बटण’ म्हणा. मग ‘लिनक्स,कोड’, मधे स्वल्पविराम आहे तो विसरू नका, त्याची किंमत की-पॉवर, आकड्यात ११६. मग ‘जीपीआयओज’, शेवटी अनेकवचनाचा एस आहे, त्यात तीन गोष्टी: जीपीआयओ१, १७, आणि जीपीआयओ-ॲक्टिव्ह-लो. मग ‘डीबाउन्स-इंटरव्हल’, म्हणजे पिन स्थिर व्हायची वाट किती बघायची, आणि आकडा मिलिसेकंदात. एवढंच. की-पॉवर आणि ॲक्टिव्ह-लो ही नावं वापरायची तर वर जीपीआयओ आणि इनपुटच्या डीटी-बाइंडिंग्जच्या हेडर फाईली इन्क्लूड करा, नाहीतर कंपायलर सिंटॅक्स एरर देऊन थांबतो.

११६ वर थोडं थांबतो. हा आकडा म्हणजे बटणाचा अर्थ. १४२ दिला तर ते स्लीपचं बटण, १४३ दिला तर वेकअपचं, आणि २८ दिला तर तेच लोखंडी बटण एंटर होऊन जातं. एकाने दुसऱ्या नोडवरून कॉपी करताना २८ तसाच ठेवला होता आणि दोन दिवस म्हणत होता की बटण चालत नाही, बटण अगदी व्यवस्थित चालत होतं, प्रत्येक दाबाला एंटर जात होतं आणि कन्सोलवर कुणी बसलेलं नव्हतं.

मग ॲक्टिव्ह-लो. तुमचं बटण पिन आणि ग्राउंडच्या मधे आहे, म्हणजे मोकळं असताना पिन पुल-अपमुळे (पिनला वर ओढून धरणारा रेझिस्टर) वर, ३.३ व्होल्टला, आणि दाबलं की शून्यावर. दाबलेली अवस्था म्हणजे लो, म्हणून ॲक्टिव्ह-लो. इथे चुकून ॲक्टिव्ह-हाय लिहिलं तर कर्नलच्या दृष्टीने बटण कायम दाबलेलंच आहे आणि तुम्ही दाबता तेव्हा ते सुटतं. लक्षण काय दिसतं, बटण दाबून धरलं तर काही नाही आणि सोडलं की डबा बंद, किंवा त्याहून वाईट, बोर्ड पूर्ण चढता चढताच आपोआप शटडाउन होतो, कारण वरचा प्रोग्राम बटणाची इव्हेंट फाईल (जिथून दाबल्या-सोडल्याची खबर वाचतात ती) उघडतो तेव्हा ड्रायव्हर त्याला सध्याची अवस्था कळवतो आणि ती असते ‘दाबलेलं’. असं झालं की लोक पॉवर सप्लाय बदलतात, कार्ड बदलतात, आणि चूक असते एका शब्दाची.

पुल-अप हा वेगळा विषय आहे आणि ॲक्टिव्ह-लो लिहिलं म्हणजे पुल-अप आपोआप लागला असं अजिबात नाही, ही गल्लत फार जण करतात. ॲक्टिव्ह-लो हा फक्त अर्थ आहे, पुल-अप ही खरी वीज आहे. एएम३३५एक्समधे प्रत्येक पिनचं एक रजिस्टर असतं, त्यात मोड, पुल आणि इनपुट चालू आहे की नाही असे बिट असतात. तुमच्या पिनला मोड ७ हवा, तो जीपीआयओचा, पुल-अप हवा, आणि इनपुटचा बिट चालू हवा. हेडरमधे पिन-इनपुट-पुलअप असं नाव आहे, ते आणि मोड ७ मिळून हेक्समधे ३७ होतं. इनपुटचा बिट राहिला तर पिनवर मल्टिमीटरने व्होल्टेज छान वरखाली दिसेल आणि कर्नलला मात्र काहीच दिसणार नाही. तुमच्या वर्णनावरून ४९ दुरुस्त केल्यावर पुढची ठेच इथेच लागायची शक्यता मला जास्त वाटते, कारण तुम्ही पिनकंट्रोलचा कुठेच उल्लेख केलेला नाही.

आता डीबाउन्स, आणि इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण आपल्या भागात हे चावतं. प्रत्येक बटण दाबताना आतला पत्रा काही क्षण नाचतो, म्हणून ड्रायव्हर शेवटच्या हालचालीनंतर थोडा वेळ थांबून मगच पिन वाचतो. काहीच लिहिलं नाही तर हा वेळ ५ मिलिसेकंद धरला जातो. टेबलावर ५ पुरतात. परभणी जिल्ह्यातल्या एका जिनिंगमधे आम्ही मोजमापाचा डबा लावला होता, बटण पॅनलच्या दारावर, वायर अडीच मीटर, आणि ती वायर बसवणाऱ्याने मोटरच्या केबलच्या पट्टीतूनच नेली होती. रोज सकाळी मोठी मोटर चालू केली की डबा आपोआप बंद व्हायचा. व्यवस्थित बंद व्हायचा, शटडाउन होऊन, त्यामुळे सप्लाय पडला असं म्हणता येईना. तिथला ऑपरेटर मूळचा लातूरकडचा, तो फोनवर म्हणाला, “साहेब, मी बटनाला हात बी लावलो नाही, मोटर चालू करूलालो की ह्यो डबा आपला आपण झोपूलालाय.” त्याने हे सांगितलं म्हणून सापडलं.

आम्ही तिथे स्कोप, म्हणजे व्होल्टेजची लाट दाखवणारं यंत्र, नेला. मोटर सुरू होताना ती भरमसाठ करंट ओढते आणि शेजारच्या आमच्या वायरीत ५० हर्ट्झची लाट उतरत होती. चिपच्या आतला पुल-अप तसा फार दुबळा, काही दहा किलोओहमच्या घरातला, तो लाट धरून ठेवू शकत नव्हता. ५० हर्ट्झ म्हणजे पूर्ण फेरा २० मिलिसेकंद, अर्धा १०. त्या अर्ध्यात पिन सात-आठ मिलिसेकंद खाली राहायची. ड्रायव्हर ५ मिलिसेकंद थांबून बघायचा तर पिन अजून खालीच, झालं, त्याच्या हिशोबाने कुणीतरी बटण दाबलं. डीबाउन्स ५० केल्यावर काय झालं, दर दहा मिलिसेकंदाला पिन हलतेय, प्रत्येक हालचालीला टायमर परत शून्यापासून, त्याला ५० मिलिसेकंदाची शांतता मिळतच नाही, त्यामुळे खोटा दाब कळवलाच जात नाही. आणि खरा दाब मात्र बटण थेट ग्राउंडला जोडतं म्हणून लाट असली तरी घट्ट खाली राहतो. ५० मिलिसेकंदाचा उशीर माणसाच्या बोटाला जाणवत नाही.

पण फक्त आकडा वाढवून मी डबा परत लावला नाही. बोर्डजवळ ३.३ व्होल्टला ४.७ किलोओहमचा बाहेरचा पुल-अप टाकला, पिन आणि ग्राउंडच्या मधे १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर, आणि बटणाची वायर तिच्याच ग्राउंडच्या वायरीशी पीळ देऊन वेगळ्या वाटेने नेली. तुमच्या केंद्रावर पण बल्क कूलरचा कंप्रेसर असेल तर हे आत्ताच करा. आणि पुल-अप चुकूनही ५ व्होल्टला नेऊ नका, ह्या चिपच्या पिना ते सहन करत नाहीत. चिपच्या जीपीआयओत हार्डवेअरचा डीबाउन्स पण आहे, पण तो जेमतेम ८ मिलिसेकंदापर्यंत जातो आणि पूर्ण बँकेला एकच वेळ लागू होतो, त्यापेक्षा मोठा आकडा दिला की ड्रायव्हर आपणहून सॉफ्टवेअरच्या टायमरवर येतो, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

नोड लिहिला, कंपाइल केला, बोर्डवर टाकला. आता बटण दाबायच्या आधी हे बघा की बोर्डने तुमचीच डीटीबी (कंपाइल झालेली डिव्हाइस ट्री) उचलली का. यू-बूट (कर्नल चढवणारा प्रोग्राम) दुसऱ्याच फोल्डरातली जुनी फाईल लोड करतंय आणि माणूस नवीन फाईल परत परत बदलतोय, हे दर महिन्याला एकदा तरी बघतो. प्रॉकच्या खाली डिव्हाइस-ट्री नावाचं फोल्डर असतं, चालू कर्नलला मिळालेली झाडाची प्रत तिथे जशीच्या तशी दिसते. तिथे तुमचा नोड नसेल तर बाकी काही तपासू नका, आधी यू-बूट बघा.

नोड आहे पण बटण नाही, तर डीमेसेजमधला आकडा बोलतो. उणे १६ म्हणजे ती पिन आधीच कुणीतरी धरलीय, तुमच्याच जुन्या स्क्रिप्टने बूटच्या वेळी ४९ एक्स्पोर्ट करून ठेवली असेल तरी हेच येईल, आधी ती स्क्रिप्ट काढा. उणे ५१७ म्हणजे अजून जीपीआयओचा ड्रायव्हर आला नाही, कर्नल परत प्रयत्न करेल, एकदा-दोनदा दिसलं तर घाबरू नका, शेवटपर्यंत तसंच राहिलं तर कुठला तरी ड्रायव्हर कर्नलमधे बसवलेलाच नाही. काहीच ओळ नाही, चूक पण नाही आणि बटण पण नाही, तर कॉन्फिगमधे जीपीआयओ कीबोर्डचा ड्रायव्हर आणि इव्हडेव्ह (इव्हेंट फाईली पुरवणारा भाग) चालू आहेत का ते बघा. डीबगएफएसमधली (कर्नलची आतली माहिती दाखवणारं फोल्डर) जीपीआयओची फाईल पण उघडा, तिथे तुमचं लेबल, हाय का लो, आयआरक्यू (इंटरप्ट, म्हणजे पिन हलल्याची प्रोसेसरला हाक) आणि ॲक्टिव्ह लो हे सगळं एका ओळीत येतं, बटण दाबून धरून ती परत वाचा, हायचं लो झालं तर वायर, पुल-अप आणि मक्स (पिनचा मोड) तिन्ही बरोबर.

मग प्रॉकमधली इंटरप्ट्सची फाईल. तुमच्या लेबलची ओळ शोधा, आकडा लिहून घ्या, एकदा दाबून सोडा, परत बघा. दाबणं एक, सोडणं एक, असे निदान २ वाढले पाहिजेत. डीबाउन्स ५० असताना १२-१५ वाढले तर बटणाचा पत्रा चांगलाच नाचतोय किंवा वायर लाट पकडतेय. बटण न दाबता आकडा वाढत असेल तर तो डबा केंद्रावर पाठवू नका. हे बघायला अर्धा मिनिट लागतो आणि मी प्रत्येक डब्यावर बघतो.

शेवटची खात्री ईव्हीटेस्ट नावाच्या प्रोग्रामने. ती चालवली, जीपीआयओ-कीजची इव्हेंट फाईल निवडली, की प्रत्येक दाबाला कोड ११६, किंमत १, आणि सोडलं की किंमत ०. फक्त एक काळजी, सिस्टम-डी (सगळ्या सेवा चालवणारा प्रोग्राम) असेल तर ईव्हीटेस्टमधे बटण दाबलं की बोर्ड बंद व्हायला लागेल, म्हणून ती सिस्टमडी-इनहिबिटच्या आत, हँडल-पॉवर-की अडवून चालवा. ११६ दिसला की कर्नलला बटण सांगायचं काम संपलं. कर्नल इथून पुढे स्वतःहून काही बंद करत नाही, तो फक्त वर सांगतो की पॉवर की दाबली गेली.

वर ऐकणारा कोण हे तुमच्या इमेजवर आहे. सिस्टम-डी असेल तर त्यातला लॉगिन-डी हा भाग ऐकतो, त्याच्या कॉन्फिगमधे हँडल-पॉवर-की असतं आणि काहीच बदललं नसेल तर ते पॉवरऑफच असतं. पण तो प्रत्येक इनपुटकडे बघत नाही, यूडेव्हच्या (डिव्हाइसांना नावं आणि टॅग देणारा भाग) नियमाने ज्याला पॉवर-स्विच हा टॅग लावलाय त्यांनाच बघतो. जर्नलमधे ‘वॉचिंग सिस्टम बटन्स ऑन’ अशी ओळ आणि पुढे जीपीआयओ-कीजचं नाव आलं का ते शोधा. नसेल तर काही जुन्या इमेजमधे हा टॅग लागत नाही, एका ओळीचा नियम लिहून लावावा लागतो. बिझीबॉक्सची (लिनक्सच्या छोट्या कमांडींचा एकत्र संच) छोटी इमेज असेल तर तिच्यातच एक एसीपीआयडी आहे, नावावर जाऊ नका, एसीपीआय (पीसीतली पॉवरची व्यवस्था) नसलेल्या एआरएमवर पण ते इव्हेंट फाईली वाचतं आणि ११६ आला की ठरलेली स्क्रिप्ट चालवतं, त्या स्क्रिप्टमधे आधी तुमच्या नोंदींचा डेटाबेस बंद करा, सिंक मारा आणि मग पॉवरऑफ. म्हणजे तुम्हाला जो सी प्रोग्राम लिहायचा होता त्याचं काम दोन-तीन ओळींत झालं.

‘वेकअप-सोर्स’ नावाची एक प्रॉपर्टी सगळ्यांच्या उदाहरणात दिसते, तुम्ही पण टाकलीय. तिचा अर्थ एवढाच की कर्नल सस्पेंडमधे झोपला असेल तर ह्या बटणाने जागा होईल. बंद पडलेला बोर्ड तिने चालू होत नाही, तेव्हा कर्नलच नसतो मग ऐकणार कोण. आणि एएम३३५एक्सच्या गाढ झोपेत फक्त जीपीआयओ ० ची बँक जागी असते, तुमची पिन बँक १ मधे आहे, त्यामुळे ती तिथून जागं करू शकणार नाही. तुम्ही सस्पेंड वापरतच नाही, काढून टाका ती ओळ. पुढे कधी वापरलात तर हे लक्षात ठेवा की जागं करणारा तो दाब कर्नल वर पण कळवतो, म्हणजे बोर्ड उठला आणि उठल्या उठल्या त्याला पॉवर की मिळाली म्हणून परत बंद झाला, असं होऊ शकतं. नुसतं उठवायचंच बटण असेल तर त्याला १४३ द्या.

आता राहिली खरी वीज तोडायची गोष्ट. शटडाउन झाला, सीरियलवर शेवटची ओळ आली, पण एलईडी चालूच, डबा गरमच. ती शेवटची ओळ नीट वाचा. ‘पॉवर डाउन’ असेल तर कर्नलने वीज तोडायचा प्रयत्न केला आणि हार्डवेअरने ऐकलं नाही. ‘सिस्टम हॉल्टेड’ असेल तर कर्नलला वीज तोडायचा मार्गच कुणी सांगितलेला नाही, मग तो पॉवरऑफच्या जागी नुसता थांबतो. तो मार्ग पण डिव्हाइस ट्रीतच सांगायचा असतो. बोर्डवर टीपीएस६५२१७ हा पीएमआयसी (वीज सांभाळणारी चिप) असेल आणि प्रोसेसरच्या आरटीसीची (आतल्या घड्याळाची) पीएमआयसी-पॉवर-एनेबलची पिन त्याला जोडलेली असेल, बीगलबोनवर असते तशी, तर आरटीसीच्या नोडमधे ‘सिस्टम-पॉवर-कंट्रोलर’ आणि पीएमआयसीच्या नोडमधे ‘टीआय,पीएमआयसी-शटडाउन-कंट्रोलर’ लागतं. साधा सप्लाय असेल आणि एका पिनवर मॉसफेटने (स्विचसारखा ट्रान्झिस्टर) वीज धरून ठेवलेली असेल तर ‘जीपीआयओ-पॉवरऑफ’ नावाचा वेगळा ड्रायव्हर आहे, तो शेवटच्या क्षणी ती पिन हलवतो आणि ३ सेकंद वाट बघतो, तरी वीज गेली नाही तर वॉर्निंग टाकतो.

बोर्डवर पीएमआयसी असेल तर माझं स्पष्ट मत ऐका, बटण जीपीआयओवरून काढून पीएमआयसीच्या पीबी-इन ह्या बटणासाठीच्याच पिनवर न्या, पुढच्या पीसीबीत तरी नक्की. तिथे बटण असलं की बंद असलेला बोर्ड त्याच बटणाने चालू होतो, चालू असताना दाबलं तर पीएमआयसी इंटरप्ट देतो आणि कर्नलमधला त्याचा पॉवर-बटणचा ड्रायव्हर तोच ११६ वर पाठवतो, वरचं काही बदलावं लागत नाही. त्यासाठी जीपीआयओ-कीजचा नोड नको, पीएमआयसीच्या नोडच्या आत पॉवर-बटणचा चाइल्ड टाकायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कर्नल पूर्ण अडकला तरी बटण ८ सेकंद दाबून धरलं की पीएमआयसी स्वतः वीज तोडतो, एलईडी विझली की बोट काढायचं, धरून ठेवलं तर परत चढतो. जीपीआयओवरचं बटण हे करूच शकत नाही, कारण ते कर्नलच्या जीवावर चालतं. केंद्रावरच्या माणसाला अडकलेला डबा बंद करायचा दुसरा मार्ग नसेल तर तो प्लगच ओढणार, त्याचा काय दोष, सकाळी पाचला दूध घेऊन माणसं रांगेत उभी असतात.

लोडशेडिंगचं मात्र वेगळं, लाइट गेली तर बटण काय करणार. त्याला छोटी बॅटरी किंवा सुपरकपॅसिटर आणि वीज गेल्याचा सिग्नल वेगळ्या पिनवर हवा. तो सिग्नल पण ह्याच जीपीआयओ-कीजमधे दुसरा चाइल्ड म्हणून टाकता येतो, पण त्याला ११६ देऊ नका, वेगळा कोड द्या आणि वर स्क्रिप्टमधे थोडी वाट बघा, कारण आपल्याकडे लाइट दोन सेकंद जाते आणि परत येते, दरवेळी डबा बंद करायचा नाहीये.

तर आधी ४९ चं १७ करा, पिनकंट्रोलचा नोड टाका, डीबाउन्स ५०, वेकअप-सोर्स काढा. मग डीबगएफएसमधली तुमच्या लेबलची ओळ बटण मोकळं असताना आणि दाबलेलं असताना अशी दोनदा, आणि पॉवरऑफ मारल्यावर सीरियलवर आलेली शेवटची ओळ, एवढं मला पाठवा. बोर्डवर कुठला पीएमआयसी आहे तेही लिहा, त्यावरून बटण पीबी-इनवर आत्ताच नेता येईल का ते सांगतो, बऱ्याचदा एक रेझिस्टर काढून एक जंपर टाकला की होतं.